हेरेसची शेरी आणि तापास ट्रिप: क्रम चुकला की दिवस जातो, म्हणून स्टेप बाय स्टेप

सेव्हिलला जाणारे आपले बरेच लोक एक दिवस काढून हेरेसला जाऊन येतात, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या ज्या गावावरून शेरी या वाइनला नाव पडलं तिथे. आणि परत आल्यावर तीच तीन वाक्यं ऐकू येतात: गाव बंद होतं, वाइन फार कडक होती दोन ग्लासात डोकं धरलं, आणि व्हेज काही मिळालंच नाही. आमची पहिली ट्रिपही अशीच गेली होती, रविवारी दुपारी चार वाजता कडक उन्हात एका बोदेगाच्या बंद गेटसमोर उभे होतो, बुकिंग नव्हतं, जेवायची वेळ टळून गेली होती आणि जवळच्या सगळ्या किचनचे शटर खाली. बोदेगा म्हणजे वाइन मुरवायची आणि साठवायची जागा, हा शब्द पुढे सारखा येणार आहे. त्यानंतर दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा फार छान झालं, फरक फक्त क्रमाचा होता. तोच क्रम खाली लिहितोय, शक्यतो उलटापालटा करू नका.

टप्पा १: दिवस आणि मुक्काम ठरवा (विमानाच्या तिकिटाआधी)

आधी गावाचं पूर्ण नाव लक्षात ठेवा, हेरेस दे ला फ्रोंतेरा. स्पेनमध्येच एक्स्ट्रेमादुरा भागात हेरेस दे लोस काबायेरोस नावाचं दुसरं गाव आहे, ते हॅमसाठी प्रसिद्ध आहे आणि इथून खूप लांब आहे. हॉटेल बुक करताना नुसतं हेरेस टाकलं तर चूक होऊ शकते.

मंगळवार ते शनिवार हे दिवस धरा. रविवारी बऱ्याच बोदेगा फक्त सकाळी चालू असतात किंवा बंदच असतात, मंडईही बंद, आणि सोमवारी ताज्या मासळीचे गाळे बहुतेक रिकामे कारण रविवारी बोटी समुद्रात गेलेल्या नसतात. रविवार संध्याकाळ आणि सोमवारी बरीच रेस्टॉरंटही सुट्टी घेतात.

डे ट्रिप करू नका, किमान एक रात्र रहा, जमलं तर दोन. कारण साधं आहे, बोदेगाची वेळ सकाळची आणि ताबांकोची म्हणजे जुन्या वाइनच्या गुत्त्यांची खरी वेळ रात्रीची, मधे चार तास गाव झोपलेलं. डे ट्रिपवाले नेमके त्या झोपेच्या वेळेत फिरत असतात.

सेव्हिलहून ट्रेन साधारण एक ते सव्वा तास, कादिसहून पाऊण तासाच्या आसपास, माद्रिदहून थेट गाडी पकडली तर चार तासाच्या आत-बाहेर. स्टेशनपासून जुनं गाव चालत पंधरा मिनिटांवर आहे, टॅक्सीची गरज नाही.

सावधान: मे महिन्यातली घोड्यांची जत्रा म्हणजे फेरिया देल काबायो, होली वीक म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, आणि वसंतातली मोटो जीपी रेस, या तीन वेळी हॉटेलं महिनोन् महिने आधी भरतात आणि दर प्रचंड वाढतात. जत्राच बघायची असेल तर जरूर जा, तिथले बहुतेक मंडप सगळ्यांना खुले असतात, सेव्हिलसारखे खासगी नसतात. पण शांतपणे वाइन समजून घ्यायची असेल तर या तारखा टाळा. जुलै-ऑगस्टमधे दुपार सहन होत नाही. आमचा अनुभव ऑक्टोबरचा सगळ्यात चांगला. नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरभर साम्बोम्बा असतात, लोक एकत्र जमून नाताळची गाणी फ्लामेंकोच्या म्हणजे इथल्या पारंपरिक गाण्या-नाचाच्या ढंगात म्हणतात, ते बघायचं असेल तर वीकेंडची हॉटेलं आधी घ्या.

व्हिसाबद्दल एवढंच, शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पंधरा दिवसांवर विसंबू नका, सुट्टीच्या सीझनला मुंबईत अपॉइंटमेंटच मिळत नाही.

टप्पा २: बोदेगाची टूर बुक करा

इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. नाशिकला आपण वायनरीत गाडी लावून सरळ आत जातो, टेस्टिंग मागतो, तसं इथे होत नाही. टूर ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या भाषेत असते, इंग्लिश टूर दिवसातून एक किंवा दोनच असू शकतात.

१. वेबसाइटवर आधी भाषा निवडा, मग तारीख. उलटं केलं की स्पॅनिशचा स्लॉट बुक होतो आणि दीड तास काही कळत नाही.

२. सकाळी ११ ते १२ दरम्यानचा स्लॉट घ्या. टूर आणि टेस्टिंग मिळून दीड-दोन तास, मग बरोबर जेवणाच्या वेळेला बाहेर.

३. दिवसाला एकच बोदेगा. दोन दिवस असतील तर एक मोठी एक छोटी. मोठ्यात गोन्सालेस बायास सोयीची आहे, कथीड्रलच्या शेजारीच, बऱ्याच भाषांत टूर असतात, आणि तिथे उंदरांसाठी गोड वाइनचा एक ग्लास आणि त्याला टेकवलेली छोटीशी शिडी ठेवलेली आहे, लहान मुलं असतील तर त्यांना तेच आयुष्यभर लक्षात राहतं. छोट्यात त्रादिसियोन बघा, जुन्या वाइन आहेत आणि गोया, वेलास्केस अशा चित्रकारांची मूळ चित्रं तिथेच लावलेली आहेत, पण अपॉइंटमेंटशिवाय आत घेत नाहीत.

४. टेस्टिंगमधे किती ग्लास आहेत ते बघून पॅकेज घ्या. दोन ग्लासवाल्या स्वस्त टूरमधे बहुतेक एक फिनो म्हणजे फिकट बिनगोड शेरी आणि एक गोड वाइन मिळते, मधलं सगळं राहून जातं. चार किंवा जास्त ग्लासवालं घ्या आणि सोबत तापास म्हणजे छोट्या बशीतलं खाणं आहे का बघा.

चेक: रॉयल अँडालुशियन घोडेस्वारी शाळेचा शो बघायचा असेल तर तो साधारण मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी १२ ला असतो, म्हणजे नेमका बोदेगाच्या वेळेला. दोन्ही एका दिवसात बसत नाही, त्या दिवशी बोदेगा ठेवू नका.

टप्पा ३: सकाळ, पोटभर नाश्ता

रिकाम्या पोटी जाऊ नका, हे कळकळीने सांगतोय. आपली नेहमीची टेबल वाइन १२-१३ टक्क्यांची असते, शेरी १५ पासून सुरू होते आणि काही जुन्या २० च्या आसपास जातात. तेवढेच ग्लास, पण अंगावर जास्त येते.

प्लासा एस्तेवेच्या आसपास मंडईपाशी जा, चुर्रोस म्हणजे पिठाच्या तळलेल्या कांड्या घ्या, कॉफी घ्या, किंवा टोस्टवर टोमॅटो आणि ऑलिव्ह ऑइल, ते तर रोज खाल्लं तरी चालतं. मंडईतून एक फेरी मारा, दुपारी ताटात काय येणार ते तिथे बर्फावर मांडलेलं दिसतं.

अंगात हलकं जॅकेट, पायात सपाट चप्पल-बूट. बोदेगा आतून देवळाच्या सभामंडपासारख्या उंच आणि गार असतात, जमीन बऱ्याच ठिकाणी पिवळ्या मातीची असते आणि उन्हाळ्यात तिच्यावर पाणी मारतात, आपण अंगणात सडा घालतो तसं, आत ओलावा टिकावा म्हणून. पर्फ्यूम लावू नका, स्वतःलाही वास कळत नाही आणि शेजारच्यालाही.

टप्पा ४: टेस्टिंग, आणि इथे क्रम मोडायचा नाही

टूरमधे गाइड भराभर बोलतो, म्हणून मुद्दा आधीच समजून जा.

पालोमिनो नावाच्या पांढऱ्या द्राक्षांची वाइन करतात, तिच्यात द्राक्षाचंच स्पिरिट घालून ती थोडी कडक करतात आणि मोठ्या ओकच्या पिंपात ठेवतात. पिंप काठोकाठ भरत नाहीत, साधारण सहावा भाग रिकामा सोडतात. वाइन १५ टक्क्यांवर ठेवली तर दुधावर साय धरते तसा तिच्यावर यीस्टचा थर धरतो, त्याला फ्लोर म्हणतात. तो थर हवा लागू देत नाही, म्हणून वाइन फिकट, कोरडी आणि खारट चवीची राहते, ही फिनो. हीच वाइन शेजारच्या सानलुकार दे बारामेदा या समुद्राकाठच्या गावात मुरली की तिला मान्सानिया म्हणतात. १७ टक्क्यांच्या वर नेली तर फ्लोर जगत नाही, वाइनला हवा लागते, ती गडद होते आणि तिला अक्रोडासारखा वास येतो, ही ओलोरोसो. आधी काही वर्षं फ्लोरखाली आणि मग हवेत, ती आमोंतियादो. वास आमोंतियादोचा आणि तोंडातला भारदस्तपणा ओलोरोसोचा, ती पालो कोर्तादो. आणि पेद्रो हिमेनेस जातीची द्राक्षं उन्हात मनुकांसारखी वाळवून केलेली काळीभोर पाकासारखी वाइन, तिचं नाव द्राक्षावरूनच पेद्रो हिमेनेस, लिटरला २१२ ग्रॅम साखर तर नियमानेच लागते, बऱ्याचदा त्याच्या खूप वर असते.

पिंपांच्या रांगा एकावर एक असतात. सर्वात खालच्या रांगेतून थोडी वाइन बाटलीसाठी काढतात, तेवढी वरच्या रांगेतून खाली भरतात, आणि वरच्यात नवी. पिंप कधीच पूर्ण रिकामं होत नाही, आपल्या घरातल्या विरजणासारखं, जुन्यातच नवं मिसळत राहतं. म्हणून द्राक्षं कुठल्या वर्षीची ते बाटलीवर बहुतेक नसतं, ते शोधत बसू नका.

आता प्यायचा क्रम:

१. फिनो किंवा मान्सानिया, चांगली गार, ७ ते ९ डिग्री
२. आमोंतियादो, १२ ते १४ डिग्री
३. पालो कोर्तादो असेल तर इथे
४. ओलोरोसो
५. क्रीम (हीसुद्धा गोड केलेली शेरीच) किंवा इतर गोडसर मिक्स
६. पेद्रो हिमेनेस, सगळ्यात शेवटी

आपले लोक सहाव्यावर आधी जातात कारण ती दिसायला आकर्षक आणि चवीला गोड. ती जिभेवर बसली की फिनो अक्षरशः मिठाचं पाणी लागते, आणि मग शेरी आवडली नाही असं आयुष्यभर सांगत फिरायचं. कृपा करून असं करू नका.

फिनोच्या पहिल्या घोटावर मत बनवू नका. पहिला घोट घ्या, मग एक ऑलिव्ह किंवा खारवलेला बदाम खा, आणि मग दुसरा घोट. दुसऱ्या घोटाला वाइन वेगळीच लागते, माझ्या सासूबाईंनीसुद्धा, ज्या कधी वाइन घेत नाहीत, तिथे दुसऱ्या घोटाला मान हलवली.

सावधान: ग्लास संपवायची सक्ती नाही. थुंकायचं भांडं मागा, तिथे ते अगदी नॉर्मल आहे. पाणी मधे मधे प्या.

सावधान, न पिणाऱ्यांसाठी: मुलांना आणि न पिणाऱ्यांना मोस्तो म्हणजे द्राक्षाचा रस मिळतो, पण याच भागात नोव्हेंबरपासून पुढे द्राक्षमळ्यांवर मोस्तो म्हणून जे देतात ती त्या वर्षीची कोवळी वाइन असते, अल्कोहोलसकट. ऑर्डर देताना "सिन आल्कोहोल" हे दोन शब्द जोडाच.

चेक: बोदेगातून निघताना नीट चालता येतंय ना? गाडी भाड्याने घेतली असेल तर ती हॉटेललाच राहू द्या, स्पेनमधे रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमच्या वर चालत नाही आणि चार ग्लास शेरीत ते सहज ओलांडलं जातं.

टप्पा ५: दुपारचं जेवण

किचन साधारण दीडला उघडतं आणि चारला बंद होतं. दोन-सव्वादोनला टेबलावर बसलेले असाल असं बघा. साडेतीनला गेलात तर घाईत उरलेलं मिळेल, पाचला गेलात तर चिप्स.

मापं तीन: तापा म्हणजे छोटी बशी, मेदिया रासियोन म्हणजे अर्धी प्लेट, रासियोन म्हणजे पूर्ण. दोघांना आधी दोन तापा आणि एक मेदिया रासियोन पुरे, मग लागेल तसं. आपण सगळं एकदम ऑर्डर करतो आणि सगळं एकदम येऊन गार होतं. ग्रानाडासारखा ड्रिंकसोबत तापा फुकट येईल अशी अपेक्षा इथे ठेवू नका. पाव न मागता आला तरी बिलात लागू शकतो. साधं नळाचं पाणी मात्र फुकट द्यायचं असा २०२२ पासून कायदाच आहे, "आग्वा देल ग्रिफो" म्हणा.

वाइन कुठली मागवायची यासाठी तिथल्या लोकांचं एक सोपं सूत्र आहे: पोहणाऱ्यासोबत फिनो, उडणाऱ्यासोबत आमोंतियादो, धावणाऱ्यासोबत ओलोरोसो. म्हणजे मासळी, कोंबडी-बदक, आणि मटण-बीफ.

खाणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट तोर्तियितास दे कामारोनेस. चिमुकली कोळंबी अख्खी, बेसन आणि गव्हाच्या पातळ पिठात घालून जाळीदार तळलेली, जवळ्याची भजी ज्यांना आवडतात त्यांना हे घरचं वाटेल. फिनो सोबतच घ्या, दुसरं काही नको. मग रिन्योनेस आल हेरेस, शेरीत शिजवलेली किडनी, आणि राबो दे तोरो, बैलाच्या शेपटीचा रस्सा, याला ओलोरोसो. बीफ न खाणाऱ्यांनी हे नाव पाठ करून ठेवा, मेनूवर सगळीकडे असतं आणि नुसत्या नावावरून कळत नाही.

आता व्हेजवाल्यांसाठी जरा सविस्तर, कारण प्रश्न इथेच सगळ्यात जास्त येतात.

"सिन कार्ने" म्हणजे बिनमांसाचं एवढंच सांगू नका. तिथे बऱ्याच जणांच्या डोक्यात कार्ने म्हणजे मांसाचा तुकडा, हॅमचे कण किंवा टूना त्यात धरत नाहीत. पूर्ण वाक्य म्हणा: "नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन." आणि प्रत्येक डिशला वेगळं विचारा: "येबा हामोन? येबा आतून?" म्हणजे यात हॅम आहे का, टूना आहे का. सूप किंवा रस्सा असेल तर "काल्दो दे कार्ने?" म्हणजे मांसाचं पाणी वापरलंय का.

फसवणाऱ्या डिश या. बेर्सा, हरभरे आणि पालेभाजीचा रस्सा वाटतो, पण आत पोर्क आणि सॉसेज असतात. साल्मोरेहो, टोमॅटोचं गार दाट सूप, वर हॅम आणि अंडं भुरभुरलेलं, आधी सांगितलं तर न घालता देतात. पापास आलिन्यास, बटाट्याला ऑलिव्ह ऑइल, शेरीचं व्हिनेगर, कांदा आणि पार्सली लावलेली, माझी अत्यंत आवडती, पण वर टूना टाकायची पद्धत आहे. तळलेलं वांगं मिळतं, फक्त तेल मासळीचंच असू शकतं, पाळत असाल तर विचारा.

बिनधास्त मागवायचं: ऑलिव्ह, खारे बदाम, भाजलेल्या मिरच्या म्हणजे पिमिएंतोस आसादोस, सीझनला आर्टिचोक (हे विचारून, हॅम टाकतात), आणि मिळालं तर आहो कालिएंते. हे द्राक्षमळ्यातल्या मजुरांचं खाणं, शिळा पाव, टोमॅटो, मिरची, लसूण, ऑलिव्ह ऑइल कुटून गरम गरम. सगळीकडे नसतं, दिसलं की सोडू नका. अंडं चालत असेल तर तोर्तिया दे पातातास. चीजमधे पायोयो, जवळच्या डोंगरातलं शेळीचं, मात्र स्पॅनिश चीजमधे प्राण्यांचं रेनेट म्हणजे दूध घट्ट करायला त्यांच्या पोटातून काढलेलं विरजण असू शकतं हे लक्षात असू द्या.

आणि एक उलटी गंमत, गोडात तोसिनो दे सिएलो दिसेल. तोसिनो म्हणजे डुकराची चरबी, नाव वाचून व्हेज लोक पान उलटतात, पण त्यात पोर्क नसतं, अंड्याचा बलक आणि साखरेचा पाक एवढंच. बोदेगात वाइन निवळायला अंड्याचा पांढरा भाग वापरायचे, उरलेले बलक मठातल्या नन्सकडे जायचे आणि त्याचं हे करायचे असं गावात सांगतात. अंडं खात असाल तर जरूर खा.

टप्पा ६: झोपा, मग ताबांको

चार ते सात खोलीवर जा. दुकानं बंद, रस्ते रिकामे, उगाच पाय दुखवू नका.

आठ-साडेआठला ताबांकोत. सांता मारिया रस्त्यावरचा एल पासाहे १९२५ पासून आहे, तिथे फ्लामेंको असतं, गर्दीही असते, शोच्या आधी अर्धा तास जा. नुसतं गप्पांना बसायचं असेल तर सान पाब्लो, १९३४ चा. वाइन पिंपातून ग्लासात, "उना कोपा दे फिनो, पोर फाबोर" एवढं पुरतं. बऱ्याच ठिकाणी हिशोब खडूने काउंटरवर लिहितात, तो हाताने पुसला जाऊ देऊ नका, आणि पैसे शेवटी एकदम द्या. थोडी कॅश ठेवा.

सावधान: गाणं सुरू झालं की बोलणं बंद. मोबाईलचा फ्लॅश नको, तालावर टाळ्याही नकोत. ती लय फार कठीण असते आणि आपल्या टाळीने गाणाऱ्याची मोडते. आपल्याकडे मैफलीत दाद मधेच देतो तशी तिथेही देतात, "ओले" म्हणून, पण आसपासची मंडळी कधी म्हणतात ते बघा आणि मग म्हणा.

दुसरा दिवस असेल तर सानलुकारला जा, समुद्रकाठी मान्सानिया आणि कोळंबी. ट्रेन जात नाही, बस जाते, बस स्टँड रेल्वे स्टेशनच्या शेजारीच आहे.

टप्पा ७: बाटल्या घेणं आणि घरी आणणं

शेवटच्या दिवशीच घ्या, आधी नाही. दुसऱ्या दिवसाअखेर तुमची आवड बदललेली असते.

भारतात माणशी २ लिटर दारू किंवा वाइन ड्युटी न भरता आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर एक हाफ. हाफ बाटल्या ३७५ मिलीच्या मिळतात, त्याच घ्या, पाच वेगवेगळ्या येतात. सगळं चेक-इन बॅगेत, मोज्यांत आणि जीन्समधे गुंडाळून मधोमध. दुबई-दोहाला बदलायचं असेल तर केबिन बॅगेत बाटली ठेवू नका, सिक्युरिटीत काढून घेतली जाऊ शकते.

वाइन न पिणाऱ्या घरासाठी शेरीचं व्हिनेगर न्या, रेसेर्वा म्हणजे किमान २ वर्षं मुरलेलं, ग्रान रेसेर्वा १० वर्षं. काकडीच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी अर्धा चमचा टाकून बघा.

घरी आल्यावरची चूकही सांगून ठेवतो. फिनो जपून ठेवायची वाइन नाही, शोकेसमधे वर्षभर ठेवली की तिचा ताजेपणा जातो. फ्रीजमधे ठेवा, काही महिन्यांत उघडा, आणि उघडली की आठवडाभरात संपवा. आमोंतियादो-ओलोरोसो उघडल्यावर काही आठवडे चालतात, पेद्रो हिमेनेस त्याहून जास्त, ती व्हॅनिला आइस्क्रीमवर एक चमचा ओतायची असते, पेग भरून प्यायची नसते.